शेवाळ खाली, ताट वर

माझे सासरे वर जेवायला लागले, तेव्हा मी छताकडं कान लावून भाकरी थापायला शिकले. वर पाट सरकला की समजायचं, मामा बसले. मग जाऊबाईंचा आवाज यायचा, गुळात घोळलेला: "मामा, अजून अर्धी घ्या ना." आन् इकडं माझी तव्यावरची भाकरी करपायची. खोटं कशाला सांगू, मी जळत होते. चांगली धडधडून जळत होते.

आमचं घर गारखेड्यात. खाली आम्ही, वर थोरले दीर आन् थोरली जाऊ. आम्ही दोघी सासऱ्यांना मामा म्हणतो. मामा करमाडचे, सगळा जन्म रानात गेलेला. जमीन कारखान्यांना गेली, बैल विकले, पाठोपाठ सासूबाई गेल्या, आन् मामा एक वळकटी घेऊन आमच्याकडं आले. झोपायला खालची खोली आन् जेवायला माझा स्वयंपाक. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं, तसं होऊन गेलं. दुपारी आन् संध्याकाळी हात धुऊन यायचे, हॉलमधी पाटावर टेकायचे आन् स्वयंपाकघराकडं न बघताच म्हणायचे, "वाढ गं."

बस्स, एवढंच. चांगलं झालंय म्हणायचे नाहीत, वाईट झालंय म्हणायचे नाहीत. पण माझे वडील मी फ्रॉकात असतानाच गेले. बापमाणसाला ताट वाढायचं म्हणजे काय असतं, ते मला लग्नानंतर या माणसामुळं कळलं. मी लॅबमधून घामेघूम होऊन यायचे, पाय दुखत असायचे, आन् ते "वाढ गं" ऐकलं की परत उभी राहायचे. सुटीच्या दिवशी दुपारचंही माझ्या हातानं वाढायचे, इतर दिवशी झाकून ठेवून जायचे. ते जेवण माझं होतं. माझ्या हक्काचं होतं.

आता टाकीचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिनसलं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमधी कामाला आहे. दिवसभर लोकांची रक्त-लघवी तपासायची, रंग बघायचे, आकडे लिहायचे. घरी आल्यावर डोळ्यांना जरा बरं काहीतरी दिसावं म्हणून मी हॉलमधी माशांची टाकी मांडली. साधी नाही, समुद्राची. आरओच्या पाण्यात पाकिटातलं समुद्री मीठ कालवायचं आन् त्यात जिवंत पोवळी वाढवायची. पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा नव्हे बरं का. ते जनावर असतं, दगडाला चिकटून बसतं आन् उजेड पडला की बोटं पसरतं. माझ्याकडं एक हिरव्या बोटांचं होतं आन् दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे असलेले. समुद्र कुठं, आन् नळाची वाट बघत बसणारं आमचं शहर कुठं! गल्लीतल्या बाया खास बघायला यायच्या.

वर्षही झालं नसंल, जाऊबाईंनी वर टाकी मांडली. माझ्यापेक्षा हातभर लांब. म्हणाल्या, "तुझी बघूनच घेतली गं." आता असं गोड बोलल्यावर माणसानं भांडायचं तरी कसं? मी हसले आन् म्हणाले, "छान केलंत ताई." खाली येऊन कुकरचं झाकण असं आपटलं की आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला.

मग माझ्या टाकीला शेवाळ लागलं. आधी काचेवर हिरवट धूर, मग दगडांवर केस. लांबलचक, हिरवे, हलणारे केस. हिरव्या बोटांच्या पोवळ्याच्या गळ्यापर्यंत आले. कारण मला ठाऊक होतं. मासे खातात, घाण करतात, उरलेलं अन्न कुजतं, आन् त्यातून पाण्यात नायट्रेट आन् फॉस्फेट साठत जातं. रानात खताचा मारा जास्त झाला की पिकाआधी तण माजतं, तसंच हे. घरी टेस्ट किट होतं. पाण्यात थेंब टाकायचे, रंग चढू द्यायचा आन् तक्त्याशी ताडून बघायचा. माझ्या पाण्याचा रंग इतका गडद आला की पेशंटचा असता तर मी पळत जाऊन डॉक्टरांना दाखवला असता.

आन् अन्न कोण टाकतंय, तेही मला ठाऊक होतं. मला तसं वाटत होतं म्हणा. मामा जेवायला बसायच्या आधी टाकीपाशी उभे राहायचे, डबी उघडायचे आन् चिमूटभर दाणे टाकायचे. दुपारी टाकायचे, संध्याकाळी टाकायचे, न्याहारीलाही टाकायचे. मासे काचेला नाक लावून यायचे आन् मामा त्यांच्याशी बैलांशी बोलावं तसं बोलायचे, "हां, हां, सावकाश."

मी एके दिवशी जरा तोडूनच म्हणाले, "मामा, आता ह्यात काही टाकायचं नाही. पाणी बिघडलंय. मासे मरतील तुमच्या लाडानं."

मामा म्हणाले, "बरं."

मी डबी उचलून कपाटावर ठेवली, पार मागं. त्याच आठवड्यात मामा म्हणाले, "आज वर जेवतो." मला वाटलं, जाऊबाईंनी काहीतरी खास केलं असंल. दुसऱ्या दिवशीही वर. मग रोजच वर. झोपायला खाली, चहाला खाली, टीव्हीला खाली, आन् ताट तेवढं वर.

मी कुढले. मला वाटलं, माझ्या घाण टाकीपुढं बसून त्यांच्या घशाखाली घास उतरत नसंल. मग वाटलं, माझ्या हाताची चव गेली. ह्यांना विचारलं, "अहो, खरं सांगा, भाजीत काही कमी पडतंय का?" हे म्हणाले, "नाही गं, नेहमीसारखीच आहे." नेहमीसारखी म्हणजे काय? त्या दिवशी मी ह्यांना भाजी वाढलीच नाही.

एकदा वाटी परत द्यायचं निमित्त करून वर गेले. मामा पाटावर बसलेले, समोर जाऊबाईंची टाकी. काय सांगू तुम्हाला! वाळू पांढरीशुभ्र, दगडांवर जांभळी झाक, शेवाळाचा एक केस दिसला तर शपथ. पोवळी अशी पसरलेली की जशी काही हळदीकुंकवाला आलेल्या बाया पदर पसरून बसल्यात. आन् ताटात मेथीचं पिठलं. साधं पिठलं! माझ्या येसर आमटीवर जीव टाकणारा माणूस जाऊबाईंच्या गुठळ्या पडलेल्या पिठल्यावर समाधानी बसला होता.

मी विचारलं, "ताई, पाणी इतकं नितळ कसं ठेवता हो?"

"अगं, मी काहीच करत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "आपोआप राहतं."

आपोआप! मी शिकलेली, रंग बघून शरीरातली साखर सांगणारी, आन् हिचं आपोआप राहतं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. जिना उतरताना मी ठरवलं, आता टाकी अशी करायची की वरची फिकी पडली पाहिजे. मग बघू मामा कुठं बसतात.

तिथून मी जे मागं लागले ते लागलेच. रोज थोडं थोडं पाणी बदलायचं. आरओ एक हंडा चांगलं पाणी देताना तीन हंडे बाहेर टाकतो, आन् आमच्याकडं पाणी सांडलं की शेजारी कठड्यावरून बघतात. मी ते टाकाऊ पाणी बादल्यांत धरून त्यानंच भांडी, त्यानंच फरशी, त्यानंच संडास धुतला. नळ यायच्या दिवशी मी लॅबला उशिरा गेले, पण टाकीचा पिंप भरून गेले. जुना टूथब्रश घेऊन दगडावरचं शेवाळ खरवडलं. फेस काढून पाण्यातली घाण वेगळी करणारं यंत्र असतं, स्किमर म्हणतात. त्याच्या पेल्यात चहाच्या रंगाचं जे काही जमायचं, त्याचा वास असा की ह्यांनी नाकाला रुमाल बांधून जेवण केलं. शिवाय फॉस्फेट शोषून घेणारे तपकिरी दाणे आणले, जाळीच्या पिशवीत भरून पाण्यात सोडायचे. पाकिटावर लिहिलं होतं थोडे घाला, मी पिशवीत सगळं पाकीट ओतलं. आन् माशांना एक दिवसाआड खाणं लावलं, तेही मोजून सात-आठ दाणे.

हे म्हणाले, "तू टाकी साफ करतीस का कुणाचा सूड उगवतीस?"

"तुम्ही गप बसा," मी म्हणाले. वर पाट सरकला होता, मला ऐकायचं होतं.

शेवाळ हटलं. आधी पिवळं पडलं, मग सुटून आलं. काच लख्ख झाली. टेस्ट घेतली तर पाण्याला रंगच चढेना. नायट्रेट नाही, फॉस्फेट नाही, काही नाही. मी नळी खिडकीपाशी धरून कितीदा बघितली. इतका आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता. हिरव्या बोटांचं पोवळं जरा फिकुटलं होतं आन् बोटं आखडून बसलं होतं, पण मी म्हटलं, सवय होईल.

रविवार होता. मी सकाळीच जिन्यात उभी राहून, जाऊबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, आज खाली जेवायचं. येसर करतेय." येसर म्हणजे आमच्या मराठवाड्यातली भाजलेल्या धान्याची आमटी, मसाला मी स्वतः भाजला होता. ज्वारीच्या भाकरी केल्या, ठेचा केला, कांदा फोडला. पाट टाकीच्या अगदी समोर मांडला. टाकीचा दिवा लावला. आता येऊ दे, म्हटलं.

मामा आले. हात धुतले. पाटावर बसले. टाकीकडं बराच वेळ बघत राहिले. मी कौतुकाची वाट बघत पदराला हात पुसत उभी.

"पाणी लई नितळ झालंय," ते म्हणाले.

"व्हय ना!" मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

मी ताट पुढं ठेवलं. मामांनी भाकरीला हात लावला, मोडली नाही. परत टाकीकडं बघितलं. मासे काचेपाशी आले होते, मामांच्या समोर तोंडं उघडमीट करत होते.

"ह्यांचं झालं का?" मामांनी विचारलं.

"कुणाचं?"

"ह्यांचं. खाणं."

"आज नाही त्यांचं. एक दिवसाआड असतं आता," मी म्हणाले. "तुम्ही जेवा, आमटी निवतेय."

मामांनी हात मागं घेतला. रागावले नव्हते. ओशाळले होते उलट, पाहुण्याच्या घरी काही मागायची वेळ यावी तसे.

"पोरी, मी कसा जेवू?" ते म्हणाले. "दावणीला चारा टाकल्याबिगर मी कधी भाकर मोडली नाय. माझा बाप मोडत नव्हता. बैल विकले त्या दिवशी तुझ्या सासूनं वाढलं होतं, ते तसंच टाकून उठलो मी. इथं आलो तर ही होती म्हणून बरं झालं. पाण्यातली का असंना, जनावरंच हायत. तू टाकू नको म्हणालीस, तुझं बी बरोबर व्हतं. मग वर जाऊ लागलो. थोरली मला टाकू देती."

मी तिथंच खाली बसले. महिनोन्महिने मी छताला कान लावले, पिठल्याला शिव्या घातल्या, पाकीटभर दाणे ओतले, आन् हा माणूस साधा नेम पाळत होता. जिथं जनावराला चारा घालायचा, तिथंच जेवायचं. माझी चव गेली नव्हती. जाऊबाईंनी जादू केली नव्हती. मीच त्यांची दावण बंद केली होती, आन् मला वाटत होतं पाणी घाण आहे म्हणून ते गेले.

"मग तिथं पाणी का बिघडत नाही?" मी विचारलं. तेवढ्यातही मला तेच सुचलं, काय करणार!

"थोरली सकाळी एका झाकणात काढून ठेवती," मामा म्हणाले. "दिवसाचं तेवढंच. मी दोन बारीला टाकतो. दुसरं कुणी हात लावत नाय. पोरांना बी लावू देत नाय ती."

एक झाकण आन् एकच हात. मी ह्यांच्याकडं वळले. "अहो, डबी खाली होती तेव्हा तुम्ही टाकत होता का काही टाकीत?"

हे पेपरमागून म्हणाले, "मी? सकाळी चहा घेताना टाकायचो चिमूटभर."

लेक आतून ओरडली, "मी पण टाकायचे कॉलेजला जाताना. आन् माझ्या मैत्रिणी आल्या की त्या."

शिवाय मी स्वतः टाकत होतेच. म्हणजे घरात चार माणसं टाकत होती, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, आन् मी तोडून बोलले ते एकट्या मामांना. त्या दिवशी मी ह्यांना आन् लेकीला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

पण खरा राग आला तो जाऊबाईंचा. त्यांना सगळं ठाऊक होतं! मामा वर का जेवतात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जिन्यात रोज भेटायच्या, "काय गं, बरी आहेस ना?" विचारायच्या, आन् तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर सांगितलं असतं का? नसतं. म्हणून तर इतका राग आला.

कपाटावरची डबी मी खुर्चीवर चढून काढली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण धुतलं, पुसलं, त्यात दाणे काढले आन् मामांच्या हातात दिले. मामा उठले, टाकीपाशी गेले. मासे वर झेपावले. एकानं तर मामांच्या बोटाला तोंड लावलं. मामा वाकून म्हणाले, "हां, हां, सावकाश." मग त्या आखडलेल्या पोवळ्याकडं बघून म्हणाले, "हे बी उपाशी दिसतंय गं."

मामांना सगळं जगच उपाशी दिसतं. पोस्टमनसुद्धा उपाशी दिसतो. पण या वेळी ते बरोबर होते. पाण्यात थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट पोवळ्यालाही लागतं. मी एवढं उपसून काढलं होतं की त्याच्या पोटाला काही उरलं नव्हतं. तपकिरी दाणे बहुतेक सगळे काढले. पाणी बदलणं कमी केलं. घरात सगळ्यांना ताकीद दिली, मामांशिवाय कुणाचा हात टाकीवर दिसला तर जेवण बंद. टेस्टमधी हलकासा रंग यायला लागला, तेवढाच ठेवला. शेवाळ दगडाच्या मागं थोडं उगवतं अजून. उगवू दे.

त्या दिवशी मामांनी येसर दोनदा मागून घेतली. "लई दिवस याद येत व्हती," म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आन् कांद्याला दोष दिला.

पण वरची टाकी काही त्यांनी सोडली नाही. तिथले मासे त्यांच्या भरवशावर होते, जाऊबाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हत्या ना! त्यामुळं दुपारी वर टाकून वर जेवायचे, संध्याकाळी खाली. अर्धं ताट परत आलं होतं. मला अर्ध्यावर समाधान नव्हतं, आजही नाही. दुपारी मी लॅबमधी डबा उघडते तेव्हा आता वर मामा काय खात असतील, हे डोक्यात येतंच.

मध्यंतरी एका संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर चालले होते. जाऊबाईंचं दार उघडं होतं. मामा चपला घालत होते आन् जाऊबाई मागं लागल्या होत्या, "मामा, आज रात्री इथंच थांबा ना. आज मी येसर केलीय." मी जिन्यातच थांबले. येसर! माझी येसर!

मामा म्हणाले, "नाय बाई. खाली जनावरं वाट बघत असतील."

जाऊबाई म्हणाल्या, "बरं." आन् त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलं. तो आवाज मी कुठंही ओळखला असता. मला वाईट वाटायला पाहिजे होतं का? मला लई बरं वाटलं. पण त्यांनी मान वर केली, आम्ही दोघींनी एकमेकींना बघितलं, आन् त्यांचे डोळे भरलेले होते. तेव्हा आठवलं की वडील त्यांनाही नाहीत. कित्येक वर्षांत मी एकदाही त्यांना त्याबद्दल विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "ताई, वाटीभर द्या बरं. मामांच्या ताटात दोन्ही वाढते."

त्यांनी आधी माझ्याकडं संशयानं बघितलं. मग वाटी भरून दिली, काठोकाठ. मी कपडे गच्चीवरच विसरले आन् वाटी सांभाळत खाली पळाले, मामांच्या आधी पोचायचं होतं. ताटात दोन वाट्या मांडल्या. माझी उजवीकडं, हाताशी. त्यांची डावीकडं, जरा लांब.

मामा आले. झाकणातले दाणे टाकले, मासे वर आले, हिरवी बोटं पाण्यात हलली. मग पाटावर टेकले आन् स्वयंपाकघराकडं न बघता म्हणाले, "वाढ गं."